खेळणारा परीक्षक

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटला की मुंबई विद्यापीठातल्या कॉम्प्युटर सायन्स आणि आयटीच्या मुलांच्या डोळ्यांपुढे आधी ब्लॅक बुक उभं राहतं. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, आकृत्या आणि शेवटी स्क्रीनशॉट. पदविकेच्या मुलांकडे हेच काम मायक्रोप्रोजेक्ट आणि कॅपस्टोन प्रोजेक्ट या नावांनी येतं. करंजाड्यात राहून अशा मुलांना प्रोजेक्टच्या कामात मदत करता करता विषयांची यादी पाठ होऊन जाते: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, पेरोल, हॉटेल बुकिंग, ऑनलाइन परीक्षा. गेम घेऊ का, हा प्रश्न मात्र मुलं जरा चाचरत विचारतात, कारण घरी आणि कधी कधी वर्गातही हा विषय टाइमपासमध्ये मोडतो. माझं मत कामाच्या ओघात याच्या उलट बनत गेलं. एका पडद्यावर मावणारा, दोन-तीन नियमांवर उभा असलेला आणि मुख्य म्हणजे पूर्ण झालेला साधा गेम ही विद्यार्थ्याची फार कठोर परीक्षा असते. व्हायवाला येणाऱ्या एक्स्टर्नलखेरीज त्याला आणखी एक परीक्षक मिळतो, तो म्हणजे खेळणारा. हा दुसरा परीक्षक ब्लॅक बुक उघडतही नाही.

मॅनेजमेंट सिस्टीम नावाच्या प्रोजेक्टची अडचण विषयात नसते, ती त्याच्या एकटेपणात असते. लायब्ररीचा प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी स्वतःच पुस्तकं कल्पितो, स्वतःच सभासद कल्पितो आणि स्वतःच ती माहिती भरतो. ज्या क्रमाने बटणं दाबली की प्रोग्रॅम चालतो तो क्रम त्याला माहीत असतो, आणि परीक्षेच्या दिवशी तो त्याच क्रमाने दाखवतो. सभासदाच्या नावाच्या रकान्यात कोणी फोन नंबर टाकला तर काय होईल, एकच पुस्तक दोघांनी एकाच वेळी मागितलं तर काय, दंड भरायला आलेल्याकडे सुटे नसतील तर नोंद कशी करायची, हे प्रश्न उभे करायला खऱ्या ग्रंथालयातला माणूस लागतो आणि तो या सगळ्यात कुठेच नसतो. परीक्षकाचाही दोष नाही. एका दिवसात अनेक गट पाहायचे, त्यांतल्या प्रत्येकाला थोडी मिनिटं द्यायची, तेवढ्या वेळात लॉगिनचं पान आणि दोन नोंदी पाहून होतात. त्यातून विद्यार्थी टेबलं जोडायला, माहितीची पुनरुक्ती टाळायला शिकतो, हे मान्य. पण प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामातला मोठा भाग आपल्यासारखा विचार न करणाऱ्या माणसाच्या हातात आपलं काम देण्याचा असतो. तो भाग शिकायचा राहूनच जातो, आणि राहिला आहे हे त्याला कळतही नाही.

आता गेमचं उदाहरण घेऊ, तेही इथल्याच आकाशातलं. करंजाडे ही पनवेलला लागून सिडकोने वसवलेली वस्ती. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी जी गावं उठली, त्यांतल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी वडघर-करंजाडे भागातही भूखंड दिले गेले. त्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. तेव्हा इथल्या विद्यार्थ्याने विमान उतरवण्याचा गेम निवडावा, यात नवल नाही. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात विमान, खाली धावपट्टी, हातात एकच बटण. बटण दाबलं की विमान सावरतं आणि इंधन कमी होतं, सोडलं की ते खाली येऊ लागतं. धावपट्टीला टेकताना खाली येण्याचा वेग ठरावीक मर्यादेत असेल तर जिंकलात, नाही तर हरलात. आतला कारभारही तेवढाच सुटसुटीत. सेकंदाला साठ वेळा एक चक्र फिरतं. बटण दाबलेलं आहे का पाहा, वेग बदला, वेगावरून उंची बदला, जमिनीला टेकलो का तपासा, चित्र पुन्हा काढा. पायथन आणि पायगेम घेतलं तर हे सगळं दोन-अडीचशे ओळींत बसतं. पूर्वी हेच काम मुलं टर्बो सीमध्ये ग्राफिक्सची हेडर फाइल जोडून करत. साधनं बदलली, पण चक्र तेच राहिलं.

हा गेम शेजारच्या सोसायटीतल्या चार मुलांच्या हाती दिला की खरं काम सुरू होतं. आधी निघतात त्या यंत्राशी संबंधित चुका. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर विमान सावकाश उतरतं आणि दुसऱ्याच्या वेगवान यंत्रावर दगडासारखं कोसळतं, कारण वेग वेळेशी न बांधता चक्राशी बांधलेला असतो. चित्राची फाइल सापडत नाही, कारण तिचा पत्ता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोल्डरचा असतो. वेग फार वाढला की विमान धावपट्टीला न टेकता तिच्या आरपार जातं. एका चक्रात ते पट्टीच्या वर असतं, पुढच्या चक्रात खाली, आणि टेकण्याचा क्षण प्रोग्रॅमने पाहिलेलाच नसतो. मग येतात नियमांच्या चुका. एखादी चलाख मुलगी बटण दाबूनच ठेवते, विमान पडद्याच्या वर निघून जातं आणि गेम कधी संपतच नाही. इंधन संपल्यावर काय व्हावं, हे ठरवलेलंच नव्हतं असं तेव्हा लक्षात येतं. तिसऱ्या प्रकारच्या चुका समजुतीच्या. कोणतं बटण दाबायचं हे इंग्रजीत लिहिलेलं लहान मुलं वाचत नाहीत, म्हणून सूचना मराठीत द्यावी असं ठरतं. आणि पायगेमच्या नेहमीच्या पद्धतीने ती लिहिली की पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते, जोडाक्षरांचे तुकडे होतात. देवनागरीत अक्षरांची मांडणी ही वेगळी प्रक्रिया असते, हे विद्यार्थ्याला एरवी कोणत्या पेपरात भेटलं असतं? यांतली एकही चूक पडद्यामागे दडून राहत नाही. खेळणारा ती शोधायला बसलेला नसतो, तरी ती त्याला भेटते, आणि भेटली की तो सरळ उठून जातो.

खेळणाऱ्याच्या या निकालाला इतिहासातही मोठा आधार आहे. १९७२मध्ये अटारी या अमेरिकन कंपनीत नव्याने आलेल्या ॲलन अल्कॉर्न या अभियंत्याला कंपनीचा सहसंस्थापक नोलन बुशनेल याने हात बसावा म्हणून एक सराव दिला. पडद्यावर एक चेंडू, दोन फळ्या आणि गुण, बस्स. तोच पुढे पाँग म्हणून जगभर गेला. त्यात प्रोग्रॅम नव्हताच, सगळं सर्किटमध्ये होतं. तरी रचनेचे निर्णय पाहण्यासारखे आहेत. अल्कॉर्नने फळीचे आठ भाग कल्पिले आणि चेंडू कोणत्या भागावर आदळतो त्यावरून तो कोणत्या कोनात परतेल हे ठरवलं. एवढ्या एका नियमाने चेंडू परतवणं कौशल्याचं झालं. फळ्या पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचत नव्हत्या. ती सर्किटमधली उणीव होती, पण तिने खेळात चुरस येते हे पाहून ती तशीच ठेवली गेली. पहिलं यंत्र सनीव्हेल गावातल्या एका बारमध्ये ठेवलं. काही दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली, कारण नाण्यांचा डबा भरून वाहत होता. हा गेम सराव म्हणून टेबलावरच राहिला असता तर चांगला की वाईट हे कोणत्याही अहवालाने सिद्ध झालं नसतं. तो निकाल बारमधल्या गिऱ्हाइकांनी दिला.

दुसरं उदाहरण विद्यार्थ्याचंच, आणि ते माझ्या म्हणण्याला मर्यादाही घालतं. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, १९६९मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या शाळेत शिकणाऱ्या जिम स्टोररने चंद्रावर यान उतरवण्याचा गेम पीडीपी-८ या संगणकावर फोकल भाषेत लिहिला. चित्र नव्हतं. उंची, वेग आणि इंधन यांचे आकडे छापून येत, खेळणाऱ्याने किती इंधन जाळायचं ते टाइप करायचं. आपल्या विमानाच्या गेमचा हा थेट पूर्वज. तो पुढे बेसिक भाषेत गेला, पुस्तकांतून छापला गेला, असंख्य संगणकांवर खेळला गेला. आणि २०२४मध्ये मार्टिन सी. मार्टिन या प्रोग्रॅमरने दाखवून दिलं की यान जमिनीला कधी टेकेल हे काढणाऱ्या सूत्रात दोनने भागायचं राहून गेलं होतं. चूक जवळपास पंचावन्न वर्षं तशीच राहिली होती. मग खेळणारा कसला परीक्षक, असा प्रश्न इथे कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. खेळणाऱ्याला नियम कळतात की नाही, हातातलं बटण त्याचं ऐकतं की नाही, हरल्यावर पुन्हा खेळावंसं वाटतं की नाही, याचा निवाडा तो अचूक करतो; सूत्राचा निवाडा तो करत नाही. त्यासाठी कोड वाचणारा शिक्षक लागतोच. पण स्टोररच्या गेममधली चूक सापडली तीही कोणीतरी तो इतक्या वर्षांनी पुन्हा चालवून, सर्वांत कमी इंधनात कसं उतरावं याचा हिशेब लावून पाहत होता म्हणून. बासनात गेलेल्या प्रोजेक्टमधली चूक शोधायला कोणी येत नाही.

गेम म्हणून पुढे येणारा प्रत्येक प्रोजेक्ट या कसोटीला उतरतो असं मात्र नाही. सापशिडी हा विद्यार्थ्यांचा फार आवडता विषय. चौकटी मांडता येतात, फासा म्हणजे यादृच्छिक आकडा, साप आणि शिड्यांची एक यादी केली की झालं. अडचण अशी की सापशिडीत खेळणाऱ्याला काहीच ठरवायचं नसतं. फासा पडेल तिकडे सोंगटी जाते. त्यामुळे त्याच्या हातून चुकण्यासारखं काही उरत नाही आणि विद्यार्थ्यालाही त्याच्याकडून काही शिकता येत नाही. पण त्यात एकच नियम घाला, समजा दोन फासे टाकायचे आणि त्यांतला कोणता वापरायचा ते खेळणाऱ्याने निवडायचं, की चित्र पालटतं. मग तिसऱ्या घरावरची शिडी घ्यावी की पाच घरं जाऊन पुढचा साप टाळावा, हा विचार सुरू होतो. साप कुठे ठेवले म्हणजे निवड अवघड होईल, हा प्रश्न रचनेचा बनतो. संगणकाला प्रतिस्पर्धी करायचं ठरलं तर त्याने कशी निवड करावी हे लिहावं लागतं. प्रोजेक्टचा विषय तोच, कोडच्या ओळीही फार वाढल्या नाहीत. वाढला तो विचार. म्हणून गेमच्या प्रोजेक्टमध्ये मी पहिला प्रश्न चित्रांबद्दल विचारत नाही. खेळणाऱ्याने नेमकं काय ठरवायचं आहे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर कोड लिहायला बसण्यात अर्थ नाही.

आक्षेपांपैकी पहिला घरातून येतो आणि तो हलका नाही. गेम म्हटलं की आईवडिलांना मोबाइलवरची रमी आणि पैसे लावायचे ॲप आठवतात. त्या भीतीला कारण होतं; ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे धरले आहेत. विमान उतरवण्याचा गेम लिहिणं आणि रात्रभर पैसे लावणं यांत फरक आहे हे आता कायद्याच्याच आधाराने घरच्यांना सांगता येतं. दुसरा आक्षेप पोटापाण्याचा: गेम लिहून नोकरी कोण देणार? उत्तरादाखल पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेल्या ‘राजी’चं नाव घेता येईल, किंवा महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५मध्ये मंजूर केलेल्या ॲनिमेशन आणि गेमिंगच्या धोरणाचं. पण माझा मुद्दा त्यावर उभा नाही. पनवेलच्या बहुतेक मुलांचा रोजगार न्हावा-शेव्याचं बंदर, तळोज्याचे कारखाने, कळंबोलीचा पोलाद बाजार, गोदामं, बँका आणि मुंबईतल्या आयटी कंपन्या यांतूनच येणार. तिथे मालाचा हिशेब ठेवणारे प्रोग्रॅम लागतात. मग मॅनेजमेंट सिस्टीमच बरी नाही का? बरी आहे, पण एका अटीवर. कळंबोलीतल्या एखाद्या खऱ्या पोलाद व्यापाऱ्याच्या गोदामात बसून, त्याच्या मुनिमाच्या हातून ती वापरून घेतली तर तिला खेळणाऱ्याइतकाच कडक परीक्षक मिळेल. तशी संधी मिळाली तर विद्यार्थ्याने ती जरूर घ्यावी. बहुतेकांना ती मिळत नाही, कारण चालत्या धंद्यात शिकाऊ प्रोग्रॅम कोणी घुसू देत नाही. गेमला मात्र वापरणारे जिन्याखाली उभे असतात आणि गेम बिघडला तर कोणाचं नुकसान होत नाही. माझा आग्रह मुळात वापरणाऱ्या माणसाचा आहे. गेम हा त्याच्यापर्यंत पोचण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, एवढंच.

तिसरा आक्षेप नकलेचा आणि तो आज सर्वांत जड आहे. यूट्यूबवर पाहून साप वाढत जाणारा गेम कोणीही उतरवून काढतो, आणि आता तर एआयला एक वाक्य लिहिलं की मिनिटभरात चालता कोड हाती येतो. मग विद्यार्थ्याने केलं काय? हा प्रश्न लायब्ररी मॅनेजमेंटलाही तितकाच लागू आहे, कारण तो कोडही तितक्याच सहज मिळतो. फरक पडतो तो तपासण्यात. गेममध्ये परीक्षकाला एक सोपं हत्यार मिळतं: नियम बदलायला सांगणं. आता वारा सुरू करा, विमान डावीकडे ढकललं गेलं पाहिजे. आता इंधन संपत आलं की बटणाचा जोर अर्धा होऊ द्या. ज्याने गेम समजून बांधला आहे तो कुठल्या ओळीवर जायचं हे पटकन दाखवतो, बदल करतो आणि समोरच चालवतो. ज्याने उतरवला आहे त्याला वारा कुठे घालायचा तेच सापडत नाही. एआयची मदत घेतली असली तरी ही कसोटी टिकते. कोड फुकट झाला म्हणजे काय बांधायचं, ते कोणासाठी, आणि ते खरंच जमलं का, हे ठरवण्याचं काम उलट जास्त उघडं पडतं. एआय सांगितलेला नियम लिहून देतं. आठ वर्षांच्या मुलाला तो नियम कंटाळवाणा वाटला, हे त्या मुलाकडे पाहत बसल्याशिवाय कळत नाही.

उरतो तो वेळेचा प्रश्न. एका सत्रात इतर पेपर, जर्नलं, सबमिशन सांभाळून गेम पूर्ण कसा व्हावा? बहुतेक गेम अपुरे राहतात ते मोठ्या स्वप्नांमुळे. मोबाइलवर पाहिलेल्या त्रिमितीय युद्धाच्या खेळासारखा गेम करायचा, असं ठरवून मुलं युनिटी किंवा गोडोसारखं इंजिन उघडतात, पहिले काही आठवडे झाडं आणि घरं जमवण्यात जातात आणि नियम लिहायची वेळ येईपर्यंत सबमिशनची तारीख येते. इंजिन वाईट नाही. ते गुरुत्वाकर्षण आणि टक्कर तयार देतं, आणि धंद्यात तेच वापरतात. पण विमान जमिनीच्या आरपार का गेलं हे ज्याने एकदा हाताने शोधलं आहे, त्याला इंजिनमधली टक्कर तपासण्याची सेटिंग कशासाठी आहे ते कळतं. दुसरा तिथे बटणं दाबून नशीब आजमावत राहतो. म्हणून पहिला गेम एका पडद्याचा आणि हाताने लिहिलेलाच असावा. चौकोनाचं विमान, रेघेची धावपट्टी पहिल्याच आठवड्यात चालू झाली पाहिजे. आवाज, चित्रं, ढग, गुणांची यादी हे सगळं नंतर, वेळ उरला तर. चौकोन उतरवताना मजा येत नसेल तर त्यावर विमानाचं चित्र चिकटवून ती येणार नाही.

हे सगळं मान्य केलं तर बदल मुलांइतकाच मूल्यमापनातही करावा लागेल. ब्लॅक बुक राहू द्या. लिहून मांडायची सवय मोलाची आहे. पण त्यातली पाठ्यपुस्तकातून उचललेली प्रस्तावनेची पानं कमी करून त्या जागी खेळणाऱ्यांचं प्रकरण घालावं: गेम कोणत्या वयोगटाच्या लोकांना दिला, ते कुठे अडले, कुठे कंटाळले, त्यावरून कोणता नियम बदलला आणि बदलल्यावर काय झालं. व्हायवाला विद्यार्थ्याने आपला गेम स्वतः खेळून दाखवू नये. दुसऱ्या गटातल्या मुलाने एकही सूचना न घेता तो खेळावा आणि लेखकाने गप्प बसून पाहावं. मग परीक्षकाने एक नियम बदलायला सांगावा. यासाठी नवी यंत्रं, नवी प्रयोगशाळा किंवा नवा अभ्यासक्रम लागत नाही, फक्त मार्कांची वाटणी थोडी हलवावी लागते. पनवेलच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुलं पुढे बंदराचे, बँकेचे, दवाखान्याचे प्रोग्रॅम लिहितील. तिथला वापरणारा घाईत असेल, चुकीचं बटण दाबेल, आणि त्याला सोडून उठून जाण्याची सोयही नसेल. त्याच्याशी नीट वागायचं शिक्षण विद्यार्थ्याला कॉलेजातच मिळायला हवं, आणि ते द्यायला एका पडद्याचा गेम पुरेसा आहे.